घराच्या फोटोसाठी कपाटातला जुना डीएसएलआर पुरेसा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरविक्रीच्या संकेतस्थळांवर आणि वृत्तपत्रांच्या मालमत्ता पानांवर येणारे घरांचे फोटो पाहिले की तीन दोष पुन्हा पुन्हा दिसतात. भिंती कललेल्या असतात, खिडकीच्या जागी पांढरा डाग असतो आणि दहा बाय दहाची बेडरूम बॅडमिंटन कोर्टाएवढी दिसते. त्यावर नवा मिररलेस (आतला आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा) घ्या, नाहीतर यंदाचा फोन घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. मुंबई, ठाणे आणि पुणे परिसरात आम्ही घरांच्या आतले फोटो काढण्याचेच काम करतो, आणि हा सल्ला आम्हाला पटत नाही. या तिन्ही दोषांचा कॅमेऱ्याच्या वयाशी काडीचा संबंध नाही. २००८ ते २०१२ च्या सुमारास हौसेने घेतलेले आणि आता माळ्यावर पडलेले डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारे आरशाचे कॅमेरे, या कामाला आजही पुरतात. विकणाऱ्या मालकांना आणि छोट्या एजंटांना उपयोगी पडावे म्हणून जरा तपशिलात लिहीत आहोत.

आधी मेगापिक्सेलची भीती घालवू. निकॉन डी९० हा २००८ चा कॅमेरा १२.३ मेगापिक्सेलचा आहे. त्याचा फोटो ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचा निघतो. कॅनन ५५०डी (२०१०) १८ मेगापिक्सेलचा, तर ५डी मार्क टू (२००८) २१ मेगापिक्सेलचा. फुल एचडी पडदा जेमतेम दोन मेगापिक्सेल दाखवतो. वृत्तपत्रात आठ सेंटिमीटर रुंदीचा फोटो इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने छापला तरी साधारण ९५० पिक्सेल पुरतात. जुने कॅमेरे मागे पडतात ते अंधारात हातात धरून काढलेल्या फोटोत, वेगवान फोकसमध्ये आणि व्हिडिओत. घर काही पळून जात नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील राहील तो आकडा) १०० किंवा २०० वर एक सेकंदाचे एक्स्पोजर दिले, म्हणजे तेवढा वेळ प्रकाश आत घेतला, की या उणिवा आड येतच नाहीत. एक खाचखळगा मात्र आहे. निकॉनच्या डी९० आणि डी७०० यांचा मूळ आयएसओ २०० आहे. त्याखाली ‘लो’ नावाची जी पायरी दिसते ती वापरू नये. तिथे उजळ भागातला तपशील आधी जळतो. कॅननमध्ये ‘हायलाइट टोन प्रायॉरिटी’ बंद ठेवावी.

लेन्सबाबत मात्र काटकसर चालत नाही. सोबत आलेली १८-५५ लेन्स (आकडे मिलिमीटरचे; आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद) फ्लॅटमध्ये का अपुरी पडते, हे आकड्यांत पाहा. कॅननच्या छोट्या सेन्सरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपची, रुंदी सुमारे २२.३ मिमी. दहा फुटी खोलीत भिंतीला पाठ लावून उभे राहिलात की समोरची भिंत कॅमेऱ्यापासून नऊ फुटांवर असते. १८ मिमीवर त्या भिंतीची ११ फूट रुंदी चौकटीत येते, म्हणजे समोरची भिंत कशीबशी मावते, बाजूच्या भिंती जवळजवळ दिसतच नाहीत आणि पाहणाऱ्याला खोलीचा आकार कळत नाही. त्याच जागेवरून १२ मिमीवर साडेसोळा फूट येतात आणि १० मिमीवर वीस. म्हणून कॅननची १०-१८ किंवा १०-२२, सिग्माची १०-२०, टोकिनाची ११-१६ अशी एखादी जुनी वाइड लेन्स बघावी. निकॉनवाल्यांनी एक काळजी घ्यावी. अलीकडची स्वस्त १०-२० एएफ-पी लेन्स डी९०, डी८०, डी४० यांसारख्या जुन्या बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) बसते, पण फोकस होत नाही. तिचे फोकस-कडेही विजेवर चालत असल्याने हाताने फिरवूनही उपयोग नाही. डी४०, डी३१०० अशा बॉडीत फोकसची मोटरच नसते, त्यामुळे टोकिनाच्या पहिल्या आवृत्तीसारखी लेन्स तिथे हाताने फोकस करावी लागते. या कामात त्याने काही बिघडत नाही.

लेन्स मिळाली म्हणून ती नेहमी १० मिमीवरच लावायची नसते. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. वाइड लेन्स सरळ रेषा सरळ ठेवते, पण त्याची किंमत कडेच्या वस्तूंना मोजावी लागते. १० मिमीवर चौकटीच्या डाव्या-उजव्या कडेशी असलेला गोल दिवा जवळपास दीडपट लांबट होतो. १४ मिमीवर तोच सव्वापटीच्या आसपास राहतो. कोपऱ्यातला कमोड नावेसारखा दिसतो आणि सहा फुटी पलंग आठ फुटी. शिवाय जवळचे मोठे आणि लांबचे छोटे दिसत असल्याने समोरची भिंत आहे त्याहून दूर गेल्यासारखी वाटते. आमची मर्यादा अशी: छोट्या सेन्सरवर ११ ते १२ मिमी, फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, १८ मिमी, त्याखाली फक्त संडास-बाथरूममध्ये, तेही नाइलाज म्हणून. हॉल मोठा असेल तर १४ ते १६ मिमीवर यावे. गोल वस्तू, खुर्ची, माणसाचा फ्रेम केलेला फोटो कडेला येऊ देऊ नये. चौकट लावताना पलंगाची किंवा सोफ्याची कडा पुढून अर्धवट कापली गेली की तो भाग हमखास ताणला जातो. कॅमेरा सहा इंच सरकवला तरी फरक पडतो. फोनमधल्या अल्ट्रावाइड लेन्स तर बहुधा १३ ते १६ मिमीच्या बरोबरीच्या असतात आणि झूम करून त्यांची रुंदी नेमकी बेतायची सोय नसते. खोल्यांची बॅडमिंटन कोर्टे होतात ती बरीचशी तिथे.

वाइड लेन्स घ्यायचीच नसेल तर १८-५५ वर जोडकाम करता येते. कॅमेरा उभा लावून १८ मिमीवर तीन फोटो काढावेत, प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर एक तृतीयांश चढलेला. आडवा कोन मिळून १०० अंशांच्या आसपास होतो. तिन्हींचे फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगजुळणी) एकच हवे, म्हणजे सगळे हाताने ठरवलेले. ‘ह्युजिन’ नावाच्या मोफत प्रणालीत ते जोडून ‘रेक्टिलिनियर’ हे सरळ रेषा सरळच ठेवणारे प्रक्षेपण निवडावे. दुसरे कुठले निवडले तर भिंत केळ्यासारखी वाकते. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरवला की जवळच्या खुर्चीचा पाय जोडावर तुटतो. तो लेन्सच्या पुढच्या भागाभोवती फिरला पाहिजे, त्यासाठी मागे-पुढे सरकणारी साधी पट्टी मिळते. बरोबर बसले की नाही हे तपासायला जवळची दाराची कडा आणि लांबची खिडकीची कडा एका रेषेत घ्यावी आणि कॅमेरा फिरवावा. दोन्ही एकमेकींपासून सरकल्या नाहीत तर जागा बरोबर आहे.

आता कललेल्या भिंती. इथे अंगणच काय, भिंतीही वाकड्या ठरवल्या जातात, पण चूक धरणाऱ्याची असते. कॅमेरा जरा जरी खाली किंवा वर झुकला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. लोक डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे सव्वापाच फुटांवर कॅमेरा धरतात. छत नऊ-साडेनऊ फुटांवर. तेव्हा फॉल्स सीलिंग आणि पंखा चौकट खातात, म्हणून कॅमेरा खाली झुकवला जातो आणि भिंती वरच्या बाजूला फाकतात. इलाज साधा आहे. झुकवू नका, उंची कमी करा. हॉलमध्ये सव्वाचार फूट, बेडरूममध्ये पावणेचार ते चार फूट. स्वयंपाकघरात ओटा साधारण ३३-३४ इंचांवर असतो, तर लेन्स त्याच्यावर फूटभर, म्हणजे पावणेचार फुटांवर. कडप्पा किंवा ग्रॅनाइटचा वरचा भाग दिसतो आणि वरच्या कपाटांच्या बुडाची काळोखी पट्टी अंगावर येत नाही. जुन्या बॉडीत बहुधा इलेक्ट्रॉनिक लेव्हल नसते. फ्लॅश बसवायच्या खाचेत बसणारी बुडबुड्याची लेव्हल घ्यावी, आणि ती एकदा गवंड्याच्या लेव्हलशी ताडून पाहावी, कारण त्यातल्या काही मुळातच तिरक्या निघतात. व्हिट्रिफाइड टाइल्सवर ट्रायपॉडचे पाय हळूहळू फाकतात. रबरी टोपणे झिजली असतील तर आधी ती बदलावीत.

अ‍ॅपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार; आकडा मोठा तितके छिद्र बारीक) एफ/८ वर ठेवून विसरून जावे. १० मिमीवर एफ/८ ला पाच फुटांवर फोकस केला तर दीड फुटापासून खिडकीबाहेरच्या इमारतीपर्यंत सगळे स्पष्ट येते. एफ/१६ ला आणखी स्पष्ट होईल असे वाटते, पण तिथे विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, उलट मऊपणा येतो आणि सेन्सरवरची धूळ पांढऱ्या भिंतीवर काळ्या ठिपक्यांसारखी उमटते. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, दृश्य दहापट मोठे करून हाताने करावा आणि नंतर त्या कड्याला हात लावू नये. ट्रायपॉडवर असताना लेन्समधली कंपनविरोधी यंत्रणा बंद करावी. दोन सेकंदांचा टायमर लावला की रिमोटची गरज उरत नाही. डोळा व्ह्यूफाइंडरला नसताना मागच्या खिडकीचा प्रकाश त्यातून आत शिरतो आणि मीटर फसते; एक्स्पोजर स्वयंचलित ठेवले असेल तर ती जागा बोटाने किंवा चिकटपट्टीने झाकावी. कॅननच्या पट्ट्याला त्यासाठीच एक रबरी तुकडा अडकवलेला असतो. बऱ्याच जणांनी तो कधी पाहिलेलाही नसतो.

खरी मेहनत खिडकीत आहे. दुपारी तीनच्या सुमारास एखाद्या बेडरूममध्ये आयएसओ २०० आणि एफ/८ ला खोली बरोबर दिसायला अर्धा सेकंद लागतो आणि खिडकीबाहेरचे झाड बरोबर दिसायला १/१२५. हा फरक सहा स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). त्या काळच्या कॅमेऱ्यांत स्वयंचलित ब्रॅकेटिंग (एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो ओळीने काढणे) साधारणपणे तीन फोटोंचे आणि दोन-दोन स्टॉपच्या अंतराचे असते. १/८ मध्ये धरले तर १/२, १/८ आणि १/३० मिळतात, खिडकी तरीही दोन स्टॉपने जळते. म्हणून मॅन्युअलवर पाच फोटो घ्यावेत: २ सेकंद, १/२, १/८, १/३०, १/१२५. शटरची चकती बहुतेक बॉडीत एक तृतीयांश स्टॉपने फिरते, म्हणजे दर फोटोला सहा टकटक. डी४०, डी३१००, डी३२०० यांत स्वयंचलित ब्रॅकेटिंग नाहीच, तिथे हाच मार्ग. कॅननमध्ये ब्रॅकेटिंग आणि दोन सेकंदांचा टायमर एकत्र लावले की तिन्ही फोटो एका दाबात निघतात. ५डी मार्क टू, ५५०डी, ६००डी यांवर चालणारी ‘मॅजिक लँटर्न’ ही त्रयस्थांनी लिहिलेली मोफत प्रणाली जास्त फोटोंचे ब्रॅकेटिंग देते, पण ती टाकताना बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि जोखीम आपली आपण घ्यावी. एक सेकंदाहून मोठ्या एक्स्पोजरनंतर कॅनन तेवढाच वेळ ‘बिझी’ दाखवत असेल तर ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ चालू राहिले आहे. ते बंद करावे.

एकाच फोटोतून सावल्या उचलून भागेल का? काही कॅमेऱ्यांत, थोडेसे. निकॉन डी७००० (२०१०) सावल्या बऱ्याच सहन करतो. त्याच काळातले कॅनन मात्र सावली दोन-तीन स्टॉप उचलली की आडव्या-उभ्या पट्ट्या दाखवू लागतात, आणि सोफ्याखालच्या काळोखात त्या लगेच दिसतात. कॅनन असेल तर ब्रॅकेटिंगला पर्याय नाही. फोटो रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न चेपलेल्या मूळ रूपात, काढावेत हे वेगळे सांगायला नको.

जोडणी करताना हात आखडता घ्यावा. ह्युजिनबरोबर येणारे ‘एन्फ्यूज’ प्रत्येक फोटोतला नीट उजळलेला भाग उचलते आणि निकाल बराच नैसर्गिक येतो. टोन मॅपिंगची (उजेड-अंधारातला फरक संगणकावर कमी करण्याची) बटणे शेवटपर्यंत ओढली की खिडकीभोवती राखाडी प्रभा येते, पांढरे छत मळकट होते आणि घर एखाद्या व्हिडिओ गेमसारखे दिसते. बाहेरचे दृश्य आतल्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळच असले पाहिजे; दिवसा डोळ्याला ते तसेच दिसते. पाच फोटोंत फिरणारा पंखा, हलणारा पडदा, बाहेरचे पान यांची भुते तयार होतात. पंखा बंद, पडदा बांधलेला, आणि खिडकीसाठी पाचांतला एकच फोटो निवडून तेवढा भाग मास्कने, म्हणजे बाकीचा भाग झाकून, बसवलेला, असे केले की प्रश्न मिटतो. मे महिन्यात पंखा बंद करून पाच-पाच फोटो काढणे ही काय शिक्षा असते ते ज्याचे त्याला ठाऊक, पण इलाज नाही.

रंगांचा गोंधळ आपल्याकडच्या घरांत विशेष. छताच्या खाचेत पिवळा ३००० केल्विनचा पट्टा, मध्ये ६५०० केल्विनची पांढरीफेक एलईडी ट्यूब आणि खिडकीतून दिवसाचा उजेड. तिघांना एकच व्हाइट बॅलन्स लागू पडत नाही. एक भिंत निळी, दुसरी नारिंगी होते. दिवसा सगळे दिवे बंद करून फक्त खिडकीच्या उजेडात फोटो काढावा असे आमचे स्पष्ट मत आहे. एजंट मंडळींना दिवे लावलेले आवडतात, त्यावर आमचे वाद होतात. आतला पॅसेज, खिडकी नसलेले बाथरूम इथे दिवे लागतात, पण मग एकाच रंगाचे. दिवे लावले असतील तर शटर १/२५ किंवा त्याहून सावकाश ठेवावा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, आणि १/२५० सारख्या वेगात फोटोवर काळसर पट्टे उमटतात. नव्या कॅमेऱ्यांत यावर सोय असते, जुन्यांत नसते. ट्रायपॉडवर तिची गरजही नसते. व्हाइट बॅलन्ससाठी कागदाचा कोरा ताव धरू नये. कागदातल्या चमक आणणाऱ्या रसायनामुळे तो निळसर वागतो आणि घर पिवळे पडते. राखाडी कार्ड घ्यावे आणि प्रत्येक खोलीत एक फोटो त्याचा काढावा.

फ्लॅश लागतो तो अंधाऱ्या आतल्या खोल्यांना आणि बाहेरच्या झाडामुळे हिरवी झाक येणाऱ्या भिंतींना. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश सरळ समोर मारू नये. गुळगुळीत लॅमिनेटवर आणि टाइल्सवर त्याचा गोळा उमटतो. गोडॉक्स टीटी६०० किंवा योंगनुओ ५६० यांसारखा हाताने ताकद ठरवायचा फ्लॅश रेडिओ ट्रिगरवर (तारेविना फ्लॅश उडवणाऱ्या जोडणीवर) लावून कॅमेऱ्यामागच्या वरच्या कोपऱ्यात मारावा. छत पांढरे असेल तरच, लाकडी असेल तर सगळी खोली चहाच्या रंगाची होते. दहा बाय बाराच्या खोलीत आयएसओ २००, एफ/८, १/१२५ आणि अर्धी ताकद इथून सुरुवात करावी. फ्लॅशचा एक आणि बिनफ्लॅशचा एक असे दोन फोटो संगणकावर थर म्हणून एकावर एक ठेवून वरच्या थराची पद्धत ‘ल्युमिनॉसिटी’ आणि अपारदर्शकता निम्म्याच्या आसपास ठेवली की खिडकीच्या उजेडाचा पोत टिकतो आणि सावल्या मोकळ्या होतात. शटर १/२०० च्या पुढे नेला की बहुतेक जुन्या बॉडीत फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते.

वेळ निवडताना दिशा पाहावी. पूर्वेची खोली दुपारी, पश्चिमेची सकाळी. ऊन थेट आत येत असेल तर लादीवर जळका चौकोन पडतो आणि सहा स्टॉपचे आठ होतात. दक्षिणेच्या खिडकीचे गणित ऋतूप्रमाणे बदलते. डिसेंबरात मुंबईत भर दुपारी सूर्य ४७-४८ अंशांवर दक्षिणेला असतो, ऊन खोलीत शिरते; जूनमध्ये तो डोक्यावरून थोडा उत्तरेकडे कललेला असल्याने त्याच खिडकीत दुपारी ऊन येतच नाही. ढगाळ पावसाळी दिवस लोक टाळतात, पण आम्हाला तो आवडतो, कारण आत-बाहेरचा फरक तीन-चार स्टॉपवर येतो आणि तीन फोटोंत काम होते.

आवराआवर हा घरच्या माणसांचा प्रांत, म्हणून थोडक्यात. बाथरूममधली बादली, मग आणि टूथब्रश बाहेर, कमोडचे झाकण बंद, ओट्यावरून तेलाची बाटली आणि मिक्सर खाली, सिलिंडर चौकटीबाहेर. आरशाचे कपाट असेल तर ट्रायपॉड त्यात दिसतो. कॅमेरा बाजूला घेऊन आरसा चौकटीत तिरका येईल असे पाहावे. देव्हारा दाखवायचा की नाही हे घरच्यांना विचारावे. नावाची पाटी, मुलांची प्रमाणपत्रे, कुटुंबाचे फोटो, तिजोरीचे कपाट, दाराच्या कुलपाचा प्रकार यांपैकी काहीही जाहिरातीत जाऊ नये. फोनच्या फोटोत बहुधा जागेचे अक्षांश-रेखांश साठवलेले असतात. जुन्या डीएसएलआरमध्ये जीपीएस नसणे ही इथे सोयच आहे.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले ते. फोटोतून काय काढावे आणि काय काढू नये? बादली राहून गेली असेल तर ती पुसायला हरकत नाही, ती उद्या तिथे नसेलच. छतावरची ओल, खिडकीसमोरची शेजारच्या इमारतीची भिंत, बाल्कनीवरून गेलेल्या विजेच्या तारा पुसणे म्हणजे खोटे सांगणे. राखाडी आकाशाच्या जागी निळे बसवणे आम्ही करत नाही. रिकाम्या खोलीत संगणकाने सोफा मांडणेही तसे लिहिल्याशिवाय करू नये, कारण त्या सोफ्याचे माप कुणी ताडून पाहिलेले नसते आणि सात फुटी भिंतीला आठ फुटी सोफा सहज बसतो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतल्या चुकीच्या अथवा खोट्या माहितीवर विसंबून ज्याने पैसे भरले आणि ज्याचे नुकसान झाले, त्याला प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, भरपाई द्यायची आहे. नोंदणीकृत एजंटांना खोटी माहिती देण्यास कलम १० ने मनाई आहे. महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला, तोही चांगलाच झाला. पण १० मिमीच्या लेन्सने दुप्पट झालेली बेडरूम क्यूआर कोडने आखडत नाही. आणि आपले राहते घर स्वतः विकणाऱ्या मालकाच्या फोटोंपर्यंत यातले काही पोहोचत नाही.

म्हणून आपल्याला एक विनंती. मालमत्ता पानावर घराच्या आतला फोटो छापताना त्याखाली त्या खोलीची लांबी-रुंदी फुटांत द्यावी, आणि चित्र संगणकावर तयार केलेले असेल तर तसे शब्दांत लिहावे. ‘बेडरूम, १० बाय ११ फूट’ एवढ्या ओळीने वाइड लेन्सची सगळी जादू उतरते. फोटो पाठवणाऱ्या वाचकांकडून आणि एजंटांकडून हे माप मागून घेणे अवघड नाही. टेप तर प्रत्येक एजंटाच्या खिशात असतो.

फोटो पाठवणाऱ्यांसाठीही दोन शब्द. कॅमेऱ्यातला रंगप्रकार अ‍ॅडोबी आरजीबी असेल तर तो एसआरजीबी करावा, नाहीतर फोनवर रंग मेलेले दिसतात. संकेतस्थळासाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि जेपीईजीचा दर्जा (क्वालिटी) ८० ते ८५ पुरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो चेपला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. छापण्यासाठीचा फोटो पडद्यावर योग्य वाटतो त्याहून किंचित उजळ ठेवावा, कारण वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि सावल्या बुजतात.

आणि माळ्यावरून कॅमेरा काढणाऱ्यांनी आधी हे तपासावे. लेन्समधून दिव्याकडे पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत ती हमखास सापडते. कडेला थोडी असेल तर चालते, मध्ये असेल तर खिडकीच्या फोटोत सगळा धूसरपणा येतो. पुढे ती वाढू नये म्हणून कॅमेरा कातडी पिशवीत न ठेवता सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात, ४० ते ५० टक्के आर्द्रतेला ठेवावा. सेन्सरवरची धूळ पाहण्यासाठी एफ/१६ ला, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. ठिपके दिसले तर रबरी फुंकणीने हवा मारावी, तोंडाने फुंकू नये. फुगलेली बॅटरी आत ढकलू नये, ती परत निघत नाही. जुन्यांपैकी बऱ्याच बॉडी ३२ जीबीपर्यंतचेच एसडी कार्ड ओळखतात, ६४ चे घातले की ‘कार्ड एरर’ येतो आणि लोक कॅमेराच बिघडला समजतात. ५डी मार्क टूसारख्या कॅमेऱ्याला सीएफ कार्ड लागते. ते तिरके घुसवले की आतल्या पिना वाकतात आणि दुरुस्ती महागात पडते. एसीच्या खोलीतून बाल्कनीत नेल्यावर लेन्सवर वाफ धरली तर पुसत बसू नये. कॅमेरा पिशवीत बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटे बाहेरच्या हवेत राहू द्यावा, तेवढ्या वेळात टेपने खोल्यांची मापे घेऊन होतात.

आपले,
घरांच्या अंतर्भागाची छायाचित्रे काढणारे काही वाचक,
मुंबई-ठाणे-पुणे